आत्याने डिपवाल्याला उचललं

माझ्या आत्याचं नाव मुचानेता. आमच्या भाषेत याचा अर्थ 'दमाल'. बारशाला आजोबांच्या मनात नेमकं कोण दमणार होतं ते त्यांनाच ठाऊक, पण दमलो आम्ही. गाव तिला माई रुनाको म्हणतं, कारण रुनाको तिची मुलगी. मी शुवाई, तिच्या भावाची मुलगी, तिच्या दुकानात राबणारी आणि पगारापेक्षा बोलणीच जास्त खाणारी.

दुकान न्यिकाच्या बाजारात, बस थांबते त्याच्या समोर. आत एकच यंत्र. वरून भाजलेले शेंगदाणे टाकायचे, खालून दोवी येते, तेल सुटलेली, गरम, बोट घालावंसं वाटेल अशी. बिकिता जिल्ह्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ज्या घरात पालेभाजीत दोवी पडते, तिथे निम्म्या वेळा ती आमची असते. उरलेल्या निम्म्यांना चव नसते, असं आत्याचं म्हणणं.

संध्याकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की आत्या यंत्र थांबवायची, पितळी मग भरायची आणि सगळ्यांच्या देखत गोळी घ्यायची. गिऱ्हाईक असो, पाद्री असो, सरपंच असो. एकदा एका झिंगलेल्या माणसाने विचारलं, "माई, ही गोळी कशाची?"

"एचआयव्हीची."

"मला पण द्या की एक."

"ही काय चिंच आहे? आधी रक्त तपासून ये, मग तुला तुझी मिळेल. आणि उधारी आहे तुझी, ती आण येताना."

माणूस शुद्धीवर आला की काय कोण जाणे, पण सरळ चालत बाहेर गेला.

व्हायरसबद्दल आत्याचं एक शास्त्र होतं आणि ते ती दाणे पाखडता पाखडता कोणालाही ऐकवायची. "तो माझ्या अंगात आहे. जाणार नाही. पण माझ्याकडे तो जावयासारखा बसलाय." आमच्याकडे जावई सासुरवाडीला आला की दाराशी जमिनीवर बसतो, मान खाली घालून टाळ्या वाजवतो आणि विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही. "रोज वेळेवर गोळी मिळाली की तो असा बसतो. दोन-चार दिवस चुकवा, लगेच घरधनी होऊन खुर्ची मागतो." दवाखान्यातल्या सिस्टर मुशोंगा हेच जरा सभ्य शब्दांत सांगतात. तो इतका गप्प बसला की रक्तात शोधून सापडत नाही. सापडत नाही म्हणजे गेला असं नाही, पण मग तो शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागतही नाही. हे कळल्यावर दोन विधुरांनी आत्याला मागणी घातली. तिने दोघांनाही नाकारलं. एक घोरायचा आणि दुसरा चर्चमध्ये बेसूर गायचा. व्हायरसचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

तिच्या नवऱ्याचं मात्र मला हसून सांगता येत नाही. तो झ्विशावानेच्या खाणीत होता. खोकत घरी आला, वाळत गेला. दवाखान्यात ये म्हटलं की म्हणायचा, लोक बघतील. लोक म्हणाले करणी आहे, त्यालाही तेच सोयीचं वाटलं. तो गेला तेव्हा रुनाको पोटात होती. आत्या एकटी चालत दवाखान्यात गेली, तपासून घेतलं आणि गोळ्या सुरू केल्या. रुनाको जन्मली ती धडधाकट, व्हायरसशिवाय. आता मुतारेला शिकते आणि आईला फोनवर सांगते की दोवीत मीठ कमी घाल. मला त्या माणसाचा अजून राग येतो. जिवंत राहायला काय हवं होतं, तर चार लोकांनी बघणं सोसायला हवं होतं.

आता तिचाफा. त्याच्या बापाने त्याच्या नावातच 'मरायचंच आहे' असं सांगून ठेवलंय, आणि हा गडी गावात सगळ्यात रुबाबात जगायचा. सरकारी टोपी, गळ्यात शिट्टी, गुडघ्यापर्यंत बूट. तो डिपवाला. दर गुरुवारी सगळ्या गावाची जनावरं औषधाच्या हौदातून पोहत बाहेर काढायची, गोचिडं मारायची, हे त्याचं काम. ज्याची गाय एक गुरुवार चुकली त्याला तो भर बाजारात सोलून काढायचा.

तिचाफा आणि आत्या एकमेकांचे साह्विरा. म्हणजे दोन घराण्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची थट्टेची मैत्री. त्याच्या आजोबांचं आणि माझ्या पणजोबांचं जमलं, तेव्हापासून आम्ही एकमेकांची माणसं पुरतो आणि एकमेकांची अब्रू काढतो. साह्विराने काहीही बोलावं, रागवायचं नाही. साह्विराने घरातली कुठलीही वस्तू उचलावी, अडवायचं नाही. तिचाफा दुकानात शिरला की दोवीची बरणी काखोटीला मारूनच बाहेर पडायचा.

"चोरा!" आत्या ओरडायची. "पोट बघ, बूट दिसतात का तुझे तुला?"

"तुझ्याच दोवीचं पोट आहे," तो म्हणायचा. "मी तुझी चालती-फिरती जाहिरात आहे."

आणि आत्या त्याच्या अंगणात गेली की हटकून सगळ्यात जाड कोंबडी उचलायची. हिशेब कधी मिटला नाही. मिटू नये अशीच पद्धत आहे.

मग त्या वर्षी जाहिरात बारीक व्हायला लागली. बूट दिसायला लागले, मग पट्ट्याला नवी भोकं पडली. तो दुकानात यायचा, पण बरणीला हात लावायचा नाही. आत्याशी मागच्या खोलीत कुजबुजायचा आणि जायचा. मला वाटलं, तिसरी मागणी आली. मी खुशीत होते, कारण हा घोरतो की नाही हे मला माहीत नव्हतं.

आत्या तपासणीला गेली तेव्हा मी सोबत होते. सिस्टर मुशोंगांचा चेहरा पडला.

"माई, तुमच्या रक्तात तो पुन्हा दिसतोय. चांगला दिसतोय. गोळ्या चुकताहेत का?"

"मी?" आत्या म्हणाली. "बातम्या चुकतील, गोळी नाही."

"मग आपण जरा लक्ष ठेवू. गोळी रोज घ्या, पूर्ण घ्या, मी पुन्हा तपासते. बहुतेक वेळा तो परत झोपतो. पण आज आहे, उद्या नाही, असं चालू राहिलं तर तो या औषधाला सरावतो, आणि मग ते औषध वायाच गेलं म्हणायचं."

संध्याकाळी बातम्या लागल्या, तिने मग भरला, मूठ तोंडाशी नेली, पाणी प्यायली, मान मागे टाकली. गिऱ्हाइकांना सगळं नेहमीसारखं वाटलं. मी शेजारी उभी होते. मुठीत काहीच नव्हतं.

दुकान बंद केल्याबरोबर मी तिला धरलं. "गोळ्या कुठे आहेत?"

"आहेत की."

"आत्या, मी तुझी भाची आहे, गिऱ्हाईक नाही."

तेव्हा बाहेर आलं. तिचाफाने दूर मास्विंगोला जाऊन, कोणी ओळखीचं नाही अशा ठिकाणी, रक्त तपासून घेतलं होतं. तिथे पहिला डबा मिळाला. तो संपला. पुन्हा एवढ्या लांब जायला रजा कोण देणार, आणि आपल्या दवाखान्याच्या बाकावर बसायचं म्हणजे सगळं गाव बघणार. तो आत्याच्या मागच्या खोलीत आला, तिच्या डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "साह्विरा, मी हे उचलतो." तेव्हापासून एक दिवस गोळी त्याची, एक दिवस तिची.

माझं डोकं फिरलं. "आणि तू दिलंस? झिंगलेल्या माणसाला चिंच नाही म्हणून सांगतेस आणि याला डबा उघडून देतेस?"

"तो साह्विरा आहे."

"म्हणून काय झालं? एकाच्या गोळ्या दोघांत म्हणजे दोघंही उपाशी! त्याला काय आजार आहे, दुसरं काही झालंय का, खोकला आहे का, कोणी बघितलंय? नाही म्हण त्याला!"

"साह्विराला नाही म्हणू?" आत्याचा आवाज चढला. "माझा बाप थडग्यातून उठून येईल. आणि मी नाही म्हटलं तर तो दवाखान्यात जाईल असं वाटतं तुला? तो घरी बसेल. पुरुष कसे घरी बसतात ते मी बघितलंय."

मी हातातलं पातेलं आपटलं.

दोन दिवसांनी दुपारी मी विहिरीवरून आले तर आत्या मागच्या अंगणात एकटीच होती. डोक्यावर पाखडायची टोपली, हातात काठी, पोट पुढे काढलेलं, आणि चालत होती ती थेट तिचाफाची चाल. टाच आधी, मग पंजा, मग कमरेवर हात. "ए! कोणाची ही गाय? मागच्या गुरुवारी कुठे होती, लग्नाला?" हुबेहूब. मी घागर ठेवली आणि खो खो हसले.

आत्या थांबली. टोपली काढली.

"तू हसलीस," ती म्हणाली. "मला हसू आलं नाही."

आणि मग मला कळलं ती काय करत होती. आमच्याकडे माणूस गेला की मातीच्या दिवशी साह्विराने त्याची टोपी घालायची, त्याची चाल चालायची, त्याच्यासारखं ओरडायचं. लोक रडता रडता हसतात, आणि मेलेल्याला निरोप मिळतो. तिचाफाच्या बापाची नक्कल आत्याने अशी केली होती की पाद्रीबुवांना भिंतीला टेकावं लागलं. आता ती तिचाफाची बसवून बघत होती, तो जिवंत असताना. आत्या ओट्यावर बसली आणि रडली. मी तिच्या शेजारी बसले आणि मलाही रडू आलं. आम्ही दोघी एकमेकींना 'पुरे आता' म्हणत बराच वेळ रडलो.

गुरुवारी आम्ही बैलगाडी जुंपून आमच्या दोन गायी घेऊन डिपवर गेलो. तिथे आधीच कलकल चालू होती. औषधाचा पुरवठा लांबला होता आणि तिचाफाकडे एका गुरुवारपुरतंच औषध उरलं होतं. गावकऱ्यांनी त्यावर तोडगा काढला होता.

"अर्धं आज घाल," म्हातारे मुझेंडा आजोबा त्याला समजावत होते, "अर्धं पुढच्या गुरुवारी. दोन्ही आठवडे निघतात, कोणाचं नुकसान नाही."

"आजोबा, वय झालं म्हणून काहीही बोलाल?" तिचाफा खवळला. आवाज पूर्वीचाच होता, सदरा मात्र त्याच्या अंगावर वाळत घातल्यासारखा लोंबत होता. "पातळ औषधाने गोचीड मरत नाही, शिकतं! त्यात अंघोळ करतं, अंग पुसतं आणि पोरांना सांगतं, घाबरू नका रे, असंच असतं. मग तुम्ही पुढे पूर्ण औषध ओता नाहीतर पिंप ओता, ते हसतं तुम्हाला! एकदाच, पण पूर्ण. अर्ध्याने दोन गायी वाचत नाहीत, दोन्ही जातात!"

आत्या कुंपणाच्या दांड्याला धरून उभी होती. ती आधी खुदकन हसली, मग एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. लोक बघायला लागले.

"तिचाफा," ती डोळे पुसत म्हणाली, "परत एकदा सांग रे. शेवटचं मला नीट कळलं नाही."

"काय कळायचंय त्यात? अर्ध्या औषधाने दोन गायी..." तो जोरात सुरू झाला आणि मध्येच त्याचा आवाज उतरला. त्याने आत्याकडे बघितलं. "...वाचत नाहीत," तो हळू म्हणाला. मग त्याने विनाकारण शिट्टी पुसली.

आत्या उठली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्या समोर उभी राहिली. "साह्विरा! मी आज काहीतरी उचलायला आलेय."

डिपवर आनंदीआनंद झाला. गाई राहिल्या बाजूला, सगळे गोल करून उभे राहिले. "टोपी, माई, टोपी!" कोणी ओरडलं. "बूट घ्या, बूट!" तिचाफाने टोपी दोन्ही हातांनी धरली. आत्या त्याच्याभोवती फिरली, बाजारात बकरी बघतात तशी. दंड चाचपला, तोंड वेंगाडलं. "फार काही उरलं नाही यात," ती म्हणाली. "पण चालेल. मला हा घ्यायचाय. अख्खा."

हशा पिकला. "नांगराला जुंपा!" मुझेंडा आजोबा म्हणाले.

"माझी गाडी दवाखान्याकडे चाललीये, पोती उतरवायला माणूस हवाय," आत्या म्हणाली. गाडीत पोतं एकही नव्हतं, पण ते मला आणि तिलाच माहीत. "काय साह्विरा? उचलू की नको?"

तिचाफाच्या कपाळावर घाम आला. तो आत्याकडे बघत होता, गाडीकडे बघत होता, लोकांकडे बघत होता. 'नको' हा शब्द साह्विराला म्हणता येत नाही, हे त्याच्याएवढं कोणाला माहीत असणार? तोच तर इतके महिने त्यावर जगला होता.

"गाई राहिल्यात," तो पुटपुटला.

"होऊ देत. मी बसते." आणि ती त्याच्या खुर्चीवर बसली, शेवटची गाय हौदातून निघेपर्यंत. त्या दिवशी त्याने औषध पूर्ण घातलं.

बैल मी हाकत होते. ते दोघं मागे बसले होते, पाय खाली सोडून.

"शुवाईला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"शुवाईला सगळं माहीत आहे. पातेल्याला पोचा पाडला तिने तुझ्यापायी."

"तुझ्या रक्तात..."

"दिसतोय. तुझ्या कृपेने माझ्या जावयाने मान वर केलीये."

तो म्हणाला, "तू मला सांगायचंस."

"तू विचारायचंस."

गाडी ओढ्यातून वर आली. तिचाफा म्हणाला, "त्या बाकावर मला बसवणार नाही, मुचानेता. गाव काय म्हणेल?"

"गाव काय म्हणेल? अरे, गाव त्याच बाकावर बसलेलं असतं!" आत्या उसळली. मग तिचा आवाज खाली आला. "रुनाकोचा बाप हेच म्हणत होता. गावाला काही कळू दिलं नाही त्याने. गाव त्याच्या मातीला आलं, मक्याचा सादझा खाल्ला आणि घरी गेलं."

दवाखान्याच्या ओसरीवर खरंच गाव बसलेलं होतं. शाळेतली एक मास्तरीण, चर्चमधला ढोलवाला, पाठीवर पोर बांधलेली एक मुलगी, एक म्हातारी, आणि आमची दोवी घेणारी निदान अर्धी गिऱ्हाइकं. त्यांच्यातले काही त्याच डब्यासाठी आले होते, काही तापाने, काही दाढदुखीने. कोण कशाला, ते कपाळावर लिहिलेलं नसतं. तिचाफा दिसताच एकदोघांनी नजर खाली घातली. आपल्याला डिपवाल्याने बघितलं म्हणून ते लाजले होते, आणि हा लाजला होता त्यांनी बघितलं म्हणून. मला हसू येत होतं आणि सगळ्यांना एकेक चापट मारावीशी वाटत होती.

आत्याने लगेच दुकान मांडलं. "सरका, सरका. हा माझा माल आहे, डिपवरून उचललाय. कोणी हात लावू नका, अजून मोजला नाही." ती त्याच्या बारीक पायांवर बोलली, टोपीवर बोलली, त्याची म्हैस त्याच्यापेक्षा कशी देखणी आहे त्यावर बोलली. आमच्याकडे म्हशी कोणी पाळत नाही हे ढोलवाल्याने सांगितलं, तर म्हणाली म्हणूनच ती देखणी. बाक हसत होता आणि पुढे सरकत होता. तिचाफा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, एखाद्या आज्ञाधारक जावयासारखा.

मग दार उघडलं. सिस्टर मुशोंगा म्हणाल्या, "पुढचं कोण?"

तिचाफा उठला नाही.

सिस्टरांनी आत्याकडे बघितलं. आत्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मी तिला जन्मापासून ओळखते, तिची थट्टा संपलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. तिला त्याला डिपवरून उचलता आलं होतं, गाडीत घालता आलं होतं, बाकावर बसवता आलं होतं. पण त्या दारातून त्याच्याऐवजी तिला जाता येत नव्हतं, आणि तो कशासाठी आलाय हे सांगायचा हक्क तिचा नव्हता. मी मनात म्हणत होते, ऊठ रे बाबा, ऊठ.

"कोणी नाही का?" सिस्टरांनी विचारलं.

तिचाफा उभा राहिला. टोपी काढली. डिपवर ऐकू जाईल अशा आवाजात तो सगळ्या बाकाला म्हणाला, "काय बघताय? डिपवाल्यालाही गोचीड लागतं. मलाही तुमच्यासारखं हौदात उतरायचंय, पण मी पोहायला घाबरतो. कोणी हसू नका."

आधी मास्तरीण हसली, मग ढोलवाला हसला, पाठीवरचं पोर जागं होऊन तेही खिदळायला लागलं. टोकाच्या म्हातारीने दोन्ही हात जुळवून हळूहळू टाळ्या वाजवल्या, मोठ्या माणसाला मान देताना वाजवतात तशा. "जा बाळा," ती म्हणाली. "खोल नाहीये."

तो आत गेला. दार लागलं.

आत्याने अंगावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि माझ्याकडे वळून रागाने म्हणाली, "याला कोणी सांगितलं होतं बोलायला? हसवायचं काम माझं आहे."